कांजिण्यांचा संपर्क आणि प्रवास

कांजिण्यांचा संपर्क म्हणजे कांजिण्यांच्या सांसर्गिक अवस्थेत असलेल्या रुग्णाशी, या रोगाची प्रतिकारक्षमता नसलेल्या व्यक्तीचा आलेला निकट संबंध होय. असा संबंध बहुधा शाळा, पाळणाघर, खेळाचे मैदान किंवा शेजार येथे येतो आणि त्यात मुलांचे प्रमाण सर्वाधिक असते. संपर्क आला म्हणजे रोग झालाच असे नव्हे. तथापि संपर्कानंतर सुमारे तीन आठवड्यांपर्यंत तो होण्याची शक्यता राहते. भारतात कांजिण्यांचे रुग्ण हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अधिक आढळतात. महाराष्ट्रात हाच काळ वार्षिक परीक्षांचा आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या उन्हाळी सुटीचा असतो. त्यामुळे सुटीतील प्रवासाच्या तोंडावर मुलाचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क येणे, हा प्रसंग अनेक कुटुंबांवर ओढवतो. अशा वेळी प्रवास करावा की नाही, हे मुलाच्या त्या दिवसाच्या प्रकृतीवरून ठरवता येत नाही. संपर्काची तारीख, मुलाची प्रतिकारक्षमता आणि जेथे जायचे तेथील माणसे, या तीन गोष्टींवरून ते ठरवावे लागते.

रोगाचा संक्षिप्त परिचय

कांजिण्या (कांजण्या असेही लेखन आढळते) हा व्हॅरिसेला-झोस्टर या विषाणूमुळे होणारा रोग आहे. हा विषाणू नागीण-विषाणूंच्या कुलातील असून मनुष्य हाच त्याचा नैसर्गिक आश्रयदाता आहे. रुग्णाच्या श्वासमार्गातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण आणि फोडांतील द्रव यांवाटे तो हवेतून व प्रत्यक्ष स्पर्शाने पसरतो. सौम्य ताप, थकवा व अन्नावरची वासना जाणे यांनी रोगाची सुरुवात होते. लहान मुलांत मात्र पुष्कळदा पुरळ हेच पहिले लक्षण असते. पुरळ प्रथम धड, चेहरा व डोक्याची त्वचा यांवर उमटते व नंतर हातापायांकडे पसरते. लाल ठिपके, पाण्याने भरलेले फोड आणि खपल्या अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी अंगावर दिसणे, हे या रोगाचे ओळखीचे चिन्ह होय. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारणपणे २५० ते ५०० फोड उठतात.

निरोगी मुलांत हा रोग बहुधा आठवडाभरात आपोआप बरा होतो. खाजवल्यामुळे त्वचेत जिवाणूंचा संसर्ग होणे, ही मुलांत सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे. न्यूमोनिया, लहान मेंदूच्या दाहामुळे चालताना तोल जाणे आणि मस्तिष्कशोथ या गुंतागुंती क्वचित उद्भवतात. प्रौढ, गर्भवती, नवजात अर्भके आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना मात्र हा रोग गंभीर स्वरूपात होऊ शकतो.

संपर्क कशास म्हणावे

रस्त्यात ओझरती भेट होणे किंवा मैदानाच्या दोन टोकांना खेळणे, यांस वैद्यकीय अर्थाने संपर्क म्हणत नाहीत. सामान्यतः पुढील गोष्टी संपर्क म्हणून धरल्या जातात :

• रुग्णाबरोबर एकाच घरात राहणे.
• रुग्णाशी समोरासमोर बसून बोलणे, खेळणे किंवा एका बाकावर बसणे.
• रुग्णाबरोबर एकाच बंदिस्त खोलीत काही काळ असणे. हा काळ काही मार्गदर्शक सूचनांत १५ मिनिटे, तर काहींत एक तास असा धरला आहे.
• फोडांतील द्रवाला किंवा त्याने नुकत्याच ओल्या झालेल्या कपड्यांना स्पर्श होणे.

घरातील संपर्क सर्वांत प्रभावी असतो. एका घरात राहणाऱ्या व प्रतिकारक्षमता नसलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ९० टक्के व्यक्तींना रुग्णापासून लागण होऊ शकते. वर्गातील संपर्कात हे प्रमाण त्याहून कमी असते.

नागीण झालेल्या व्यक्तीच्या उघड्या फोडांना स्पर्श झाल्यानेही मुलाला कांजिण्या होऊ शकतात. कारण दोन्ही रोगांचा विषाणू एकच आहे. कांजिण्या बऱ्या झाल्यावर हा विषाणू मज्जातंतूंच्या गुच्छिकांमध्ये सुप्त राहतो आणि उतारवयात नागिणीच्या रूपाने पुन्हा प्रकट होऊ शकतो. सुटीत मुले आजोळी जातात तेव्हा तेथील वृद्धांपैकी कोणास नागीण झाली असल्यास ही बाब ध्यानात घ्यावी लागते. नागिणीचे फोड कपड्याने पूर्ण झाकलेले असल्यास धोका बराच कमी होतो.

परिपाक काल आणि सांसर्गिक काल

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतच्या अवधीला परिपाक काल म्हणतात. कांजिण्यांचा परिपाक काल १० ते २१ दिवसांचा, बहुधा १४ ते १६ दिवसांचा असतो. या काळात विषाणूची शरीरात वाढ होत असते. मूल मात्र खेळते, जेवते आणि सर्व प्रकारे निरोगी दिसते.

रुग्णापासून इतरांना लागण होऊ शकते त्या अवधीला सांसर्गिक काल म्हणतात. कांजिण्यांमध्ये हा काल पुरळ उठण्याच्या एक ते दोन दिवस आधी सुरू होतो आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे पुरळ उठल्यानंतर सुमारे पाच ते सात दिवस, चालू राहतो. परिपाक कालाचे शेवटचे एक-दोन दिवस आणि सांसर्गिक कालाचे पहिले एक-दोन दिवस अशा रीतीने एकमेकांवर येतात. या दोन दिवसांत मुलाच्या अंगावर एकही फोड नसतो, तरीही त्याच्यापासून इतरांना लागण होत असते. प्रवासाच्या दृष्टीने या रोगाची खरी अडचण येथेच आहे. अंगावर फोड आलेल्या मुलाला कोणी प्रवासास नेत नाही. हसतखेळत गाडीत चढलेल्या मुलाबद्दल मात्र कोणालाच शंका येत नाही.

यावरून संपर्कात आलेल्या व प्रतिकारक्षमता नसलेल्या व्यक्तीसाठी जोखमीचा कालखंड ठरवला जातो. तो पहिल्या संपर्कानंतरच्या आठव्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतरच्या एकविसाव्या दिवसापर्यंत असतो. रुग्णालयांत काम करणारे, प्रतिकारक्षमता नसलेले कर्मचारी संपर्कात आल्यास त्यांना याच कालखंडात रुग्णसेवेपासून दूर ठेवण्याची पद्धत आहे. शाळांबाबत नियम इतका कडक नसतो. पुरळ उठलेल्या मुलाला सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवतात; केवळ संपर्क आलेल्या निरोगी मुलाला सहसा शाळेत येण्यास मनाई नसते.

दिवसांची मोजणी : एक उदाहरण

समजा, एका विद्यार्थ्याच्या अंगावर १३ एप्रिलला पुरळ उठले. त्याचा सांसर्गिक काल ११ एप्रिलपासून सुरू झाला असे धरावे लागते. त्याच्या शेजारी बसणारे मूल ११ व १२ एप्रिल या दोन्ही दिवशी वर्गात होते. संपर्काचा दिवस शून्य धरून मोजणी केल्यास पुढील तारखा मिळतात :

• पुरळ उठण्याची सर्वांत आधीची शक्यता : २१ एप्रिल (पहिल्या संपर्कानंतर १० दिवस).
• इतरांना लागण होण्याची सर्वांत आधीची शक्यता : १९ एप्रिल (पहिल्या संपर्कानंतर ८ दिवस).
• पुरळ उठण्याची सर्वाधिक शक्यता : २५ ते २८ एप्रिल.
• जोखमीच्या कालखंडाची अखेर : ३ मे (शेवटच्या संपर्कानंतर २१ दिवस).

हे कुटुंब १५ एप्रिलला निघून १८ एप्रिलला परतणार असेल, तर मुलापासून इतरांना लागण होण्याची शक्यता नगण्य असते. ५ मे रोजी निघणार असेल व तोपर्यंत पुरळ उठले नसेल, तर या संपर्कापुरता धोका संपलेला असतो. २४ एप्रिलला निघून दहा दिवसांनी परतण्याचा बेत असेल, तर मात्र जवळजवळ सबंध प्रवास जोखमीच्या कालखंडात येतो.

घरात दुसरे मूल असल्यास मोजणी येथे थांबत नाही. पहिल्या मुलाला २६ एप्रिलला पुरळ उठले, तर त्याच्या धाकट्या भावंडाचा संपर्क २४ एप्रिलपासूनच सुरू झालेला असतो. त्या भावंडाला ४ मे किंवा त्यानंतर, अगदी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, पुरळ उठू शकते. या दुसऱ्या फेरीचा विचार न करता पहिले मूल बरे होताच पुढची तिकिटे काढली, तर तोच प्रसंग पुन्हा ओढवतो. घरातील दीर्घ व निकट संपर्कामुळे दुसऱ्या रुग्णाला फोड अधिक येतात व आजार काहीसा तीव्र होतो, असे सामान्यतः आढळते.

प्रतिकारक्षमतेची पडताळणी

संपर्क कळल्यावर पहिला प्रश्न मुलाला प्रतिकारक्षमता आहे की नाही हा असतो. पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या असल्यास सहसा आयुष्यभर टिकणारी प्रतिकारक्षमता लाभते. दुसऱ्यांदा कांजिण्या होणे विरळ आहे. लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या मुलांना चांगले संरक्षण मिळते. एक मात्रा घेतलेल्या मुलांना तीव्र रोगापासून उत्तम, पण सौम्य रोगापासून अपुरे संरक्षण मिळते.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीचा समावेश आहे. कांजिण्यांच्या लसीचा नाही. बालरोगतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार ही लस खासगीरीत्या घेतली जाते. पहिली मात्रा सुमारे १५ महिन्यांच्या वयात आणि दुसरी त्यानंतर किमान तीन महिन्यांनी किंवा चार ते सहा वर्षांच्या वयात देण्याचा प्रघात आहे. सरकारी कार्यक्रमातील सर्व लसी वेळेवर घेतलेल्या मुलालाही त्यामुळे कांजिण्यांची लस मिळालेली असेलच असे नाही. लसीकरणाच्या पत्रिकेत या लसीची स्वतंत्र नोंद पाहावी लागते. ‘सगळ्या लसी झाल्या आहेत’ एवढ्या आठवणीवर विसंबणे पुरेसे नसते.

प्रौढांबाबतही गृहीत धरून चालता येत नाही. समशीतोष्ण प्रदेशांत लसीकरणापूर्वी बहुतेकांना बालपणीच कांजिण्या होत असत. उष्ण कटिबंधात मात्र हा रोग तुलनेने उशिरा होतो, त्यामुळे प्रतिकारक्षमता नसलेल्या तरुणांचे व प्रौढांचे प्रमाण तेथे अधिक असते. शंका असल्यास रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून खात्री करता येते.

लस घेतल्यानंतरही होणाऱ्या कांजिण्या सौम्य असतात. फोडांची संख्या बहुधा ५० पेक्षा कमी असते आणि त्यांत पाणी न भरता केवळ लाल पुटकुळ्या दिसू शकतात. असे पुरळ घामोळे किंवा डास चावल्याच्या खुणा समजून दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. त्यापासून लागण होण्याचे प्रमाण कमी असले, तरी ती होऊ शकते.

संपर्कानंतरचे प्रतिबंधक उपाय

लस : संपर्क आल्यानंतर तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत, लस दिल्यास रोग टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता वाढते. वरील उदाहरणात ही मुदत १४ ते १६ एप्रिल अशी येते. बारा महिन्यांहून अधिक वयाच्या, निरोगी व लस न घेतलेल्या मुलांसाठी हा उपाय आहे. पूर्वी एकच मात्रा घेतली असल्यास योग्य अंतर पाहून दुसरी मात्रा दिली जाते. पाच दिवस उलटून गेल्यावर दिलेली लस या संपर्कापासून वाचवू शकत नाही. पुढील संपर्कांपासून मात्र संरक्षण देते. संपर्कानंतरच्या लसीने रोग टळेलच अशी खात्री नसल्याने जोखमीचा कालखंड तसाच मोजावा लागतो. लसीमध्ये क्षीण केलेला जिवंत विषाणू असल्यामुळे ती गर्भवतींना व प्रतिकारशक्ती तीव्र प्रमाणात क्षीण झालेल्या रुग्णांना देत नाहीत.

इम्युनोग्लोब्युलिन : ज्यांना लस देता येत नाही व ज्यांच्यात रोग गंभीर होण्याची भीती असते, त्यांना तयार प्रतिपिंडे असलेले अंतःक्षेपण शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त दहा दिवसांच्या आत, दिले जाते. त्यामुळे परिपाक काल लांबू शकतो. म्हणून जोखमीचा कालखंड २१ ऐवजी २८ दिवसांपर्यंत धरतात.

विषाणुरोधक औषध : जोखमीच्या काही व्यक्तींना तज्ज्ञांच्या सल्ल्याने अॅसिक्लोव्हिर हे औषध संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून एक आठवडा देण्याची पद्धत काही देशांत आहे. निरोगी मुलाला केवळ प्रवास साधावा म्हणून ते सरसकट दिले जात नाही.

गंतव्यस्थानातील जोखमीच्या व्यक्ती

प्रवासाचा विचार करताना कुटुंबे बहुधा मुलाला त्रास होईल का, एवढेच पाहतात. वस्तुतः निरोगी मुलापुरता हा रोग सौम्य असतो. गंभीर परिणाम संभवतात ते मूल ज्यांच्या सहवासात जाते त्यांच्यावर.

गर्भवती स्त्रिया : गर्भावस्थेत कांजिण्या झाल्यास मातेला न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. गर्भावस्थेच्या पहिल्या वीस आठवड्यांत लागण झाल्यास थोड्या प्रमाणात, सुमारे दोन टक्क्यांपर्यंत, गर्भाच्या त्वचा, डोळे, हातपाय व मेंदू यांत जन्मजात दोष निर्माण होऊ शकतात.

नवजात अर्भके : मातेला प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत पुरळ उठल्यास अर्भकाला मातेकडून प्रतिपिंडे मिळालेली नसतात आणि त्याला होणारा रोग प्राणघातक ठरू शकतो.

प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण : कर्करोगावर रसायनोपचार घेणारे, अवयवाचे प्रत्यारोपण झालेले, तसेच स्टेरॉइडची मोठी मात्रा दीर्घकाळ घेणारे रुग्ण यांत येतात.

महाराष्ट्रातील कौटुंबिक रीतीमुळे पहिल्या दोन गटांना विशेष महत्त्व येते. बाळंतपणासाठी लेकीने माहेरी येण्याची पद्धत आजही प्रचलित आहे आणि तेच घर तिच्या भावंडांच्या मुलांचेही सुटीतील मुक्कामाचे ठिकाण असते. दिवस भरत आलेली स्त्री आणि परिपाक कालातील मूल एकाच छपराखाली येण्याचा प्रसंग यामुळे सहज घडतो. उन्हाळ्यातील लग्ने, मुंजी व बारशी यांनाही हेच लागू पडते. अशा घरी जाण्यापूर्वी संपर्काची माहिती यजमानांना देणे, हा सर्वांत साधा व सर्वांत परिणामकारक उपाय आहे. माहिती वेळेवर मिळाल्यास गर्भवतीला प्रतिपिंडांची तपासणी करून घेता येते, पाहुण्यांचा मुक्काम पुढे ढकलता येतो अथवा तिची व्यवस्था अन्यत्र करता येते. संकोचापोटी किंवा बेत मोडेल या भीतीने ती दडवली, तर आणीबाणीच्या औषधांची मुदत निघून जाते.

प्रवासाचा निर्णय

संपर्क आलेल्या मुलाने प्रवास करूच नये असा सरसकट नियम नाही. निर्णय सामान्यतः पुढील क्रमाने घेतला जातो :

१. मुलाला पूर्वी कांजिण्या झाल्या आहेत किंवा लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या आहेत काय? उत्तर होकारार्थी असल्यास नियोजित प्रवास करण्यास सहसा हरकत नसते. अंगावरील पुरळाकडे लक्ष ठेवणे पुरेसे होते.

२. प्रतिकारक्षमता नसल्यास, प्रवासाचे दिवस आठव्या ते एकविसाव्या दिवसांच्या दरम्यान येतात काय? येत नसल्यास धोका अत्यल्प असतो.

३. येत असल्यास, गंतव्यस्थानी वा सोबत गर्भवती, नवजात अर्भक अथवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेली व्यक्ती आहे काय? असल्यास प्रवास पुढे ढकलणे हेच इष्ट ठरते.

४. नसल्यास, प्रवासाचे व मुक्कामाचे स्वरूप कसे आहे? स्वतःच्या वाहनाने जाऊन स्वतंत्र घरात राहणे आणि गर्दीच्या सहलीत, वसतिगृहात किंवा विमानात दिवसचे दिवस अनोळखी माणसांसोबत असणे, यांत मोठे अंतर आहे.

५. पुरळ उठल्यास आठवडाभर मुक्काम वाढवता येईल काय, आणि जवळपास वैद्यकीय मदत मिळेल काय?

शेवटचा प्रश्न विशेषतः परदेशप्रवासात कळीचा ठरतो. परतीच्या दिवशी मुलाच्या अंगावर ओले फोड असल्यास विमानप्रवास नाकारला जाऊ शकतो व कुटुंबाला परक्या ठिकाणी आठवडाभर अडकून पडावे लागते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे नातवंडांसह जाणाऱ्या कुटुंबांना निघण्याच्या तारखेबरोबरच परतीची तारीखही मोजून पाहावी लागते.

वाहतुकीचे नियम

रेल्वे अधिनियम, १९८९ याच्या कलम ५६ नुसार, नियमांत निर्दिष्ट केलेल्या संसर्गजन्य रोगाने पीडित व्यक्तीला अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याच्या परवानगीवाचून डब्यात प्रवेश करता येत नाही. परवानगी दिल्यास अशा व्यक्तीस इतर प्रवाशांपासून वेगळे ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. विमानकंपन्यांचे नियम परस्परांहून थोडे भिन्न असले, तरी सर्व फोडांवर खपली धरल्याखेरीज कांजिण्यांच्या रुग्णाला प्रवास करू न देणे आणि आवश्यक वाटल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र मागणे, ही सर्वसाधारण पद्धत आहे. हे नियम रुग्णासाठी आहेत. केवळ संपर्क आलेल्या निरोगी मुलाला ते रोखत नाहीत. संपर्क आणि पुरळ यांमधल्या काळाची जबाबदारी कायद्याने नव्हे, तर कुटुंबाने पेलायची असते.

प्रवासात पुरळ उठल्यास

मुक्कामी असताना पुरळ दिसू लागल्यास मुलाला शक्यतो वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवतात आणि पुढचा प्रवास खपल्या धरेपर्यंत थांबवतात. दवाखान्यात जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून कल्पना दिल्यास प्रतीक्षाकक्षातील इतरांचा, विशेषतः गर्भवतींचा, संपर्क टाळता येतो. आदल्या दोन दिवसांत ज्यांच्याशी निकट संबंध आला त्यांनाही कळवणे आवश्यक असते.

तापासाठी वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल देतात. अॅस्पिरिन मुलांना देत नाहीत, कारण त्यामुळे यकृत व मेंदू यांना इजा करणारा ‘राय लक्षणसमूह’ उद्भवू शकतो. आयब्युप्रोफेनही टाळतात, कारण त्याचा त्वचेच्या तीव्र जिवाणुसंसर्गाशी संबंध आढळला आहे. खाज कमी होण्यासाठी कॅलामाइनचा लेप, कोमट पाण्याने स्नान व सैल सुती कपडे उपयोगी पडतात. मुलाची नखे कापून ठेवणे महत्त्वाचे असते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने स्नान घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. परंतु ती वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

चार दिवसांहून अधिक टिकणारा ताप, श्वास घेण्यास त्रास, अतिरिक्त गुंगी, तोल जाणे, मान ताठरणे, वारंवार उलट्या, तसेच फोडांभोवतीची त्वचा लाल, गरम व दुखरी होणे, ही तातडीने वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे होत.

इतर संसर्गजन्य रोगांशी तुलना

हीच मोजणी अन्य रोगांच्या संपर्कालाही लागू पडते. मात्र दिवसांचे आकडे बदलतात.

• गोवर : संपर्कापासून पुरळापर्यंत साधारण १४ दिवस. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत लागण होते. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस उपयोगी पडते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची मोठी साथ आली होती.
• गालगुंड : परिपाक काल १२ ते २५ दिवस.
• डांग्या खोकला : बहुधा ७ ते १० दिवस. तान्ह्या बाळांना विशेष धोका.
• हात-पाय-तोंड रोग : ३ ते ६ दिवस.
• इन्फ्लुएन्झा : १ ते ४ दिवस.
• अ-प्रकारची कावीळ : १५ ते ५० दिवस.

परिपाक काल लहान असलेल्या रोगांचा निकाल बहुधा निघण्यापूर्वीच लागतो. कांजिण्या, गोवर व गालगुंड यांसारख्या दीर्घ परिपाक कालाच्या रोगांत मात्र संपर्क विस्मरणात गेल्यावर लक्षणे प्रकट होतात. म्हणून संपर्क कळला त्याच दिवशी तारीख लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

इतिहास

कांजिण्या आणि देवी हे रोग दीर्घकाळ एकमेकांत मिसळले जात असत. ते भिन्न असल्याचे इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६७ मध्ये स्पष्टपणे दाखवले. नागिणीच्या रुग्णाच्या सहवासात आलेल्या मुलांना कांजिण्या होतात, असे निरीक्षण हंगेरीतील वैद्य बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले. दोन्ही रोगांचा विषाणू एकच असल्याचे अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत सिद्ध केले.

कांजिण्यांच्या लसीचा उगमही एका मुलाच्या आजारपणात आहे. जपानी विषाणुशास्त्रज्ञ मिचियाकी ताकाहाशी हे अमेरिकेतील ह्यूस्टन येथे संशोधन करीत असताना १९६४ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला तीव्र स्वरूपाच्या कांजिण्या झाल्या. त्या अनुभवानंतर ते या रोगावरील लसीच्या संशोधनाकडे वळले. जपानमध्ये परतल्यावर त्यांनी ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतून मिळवलेला विषाणू क्षीण करून लस तयार केली व १९७४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत या लसीला १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

संसर्ग आणि प्रवास यांचा संबंध भारतीय कायद्याने प्रथम ठळकपणे हाताळला तो मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाल्यानंतर साथरोग अधिनियम, १८९७ करण्यात आला आणि त्यात रेल्वेने व अन्य मार्गांनी प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार शासनाला देण्यात आला.

प्रचलित गैरसमज

‘कांजिण्या लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या’ या समजुतीने निरोगी मुलाला मुद्दाम रुग्णाजवळ नेण्याचा प्रकार आढळतो. लस उपलब्ध असताना हे धोक्याचे आहे. कारण कोणत्या मुलात गुंतागुंत होईल हे आधी सांगता येत नाही आणि मुलामार्फत लागण घरातील इतरांपर्यंत पोहोचते.

कांजिण्या झालेल्या मुलापासून आजी-आजोबांना नागीण होते, हाही समज चुकीचा आहे. नागीण स्वतःच्याच शरीरातील सुप्त विषाणूमुळे होते. आजी-आजोबांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसल्यास त्यांना मुलापासून कांजिण्या होऊ शकतात.

खपल्या गळून पडेपर्यंत रुग्णापासून लागण होते, असेही मानले जाते. वस्तुतः सर्व फोड सुकून त्यांवर खपली धरल्यावर सांसर्गिक काल संपतो. खपल्या गळून पडण्यास पुढे आणखी काही दिवस लागतात. त्या दिवसांत मुलाला दूर ठेवण्याची अथवा ठरलेला प्रवास रद्द करण्याची गरज नसते.

हेही पहा

• कांजिण्या
• नागीण (रोग)
• गोवर
• देवी (रोग)
• लसीकरण
• साथरोग अधिनियम, १८९७